सुगतची कॅसेट

गेले का दिवे? जाऊ द्या. नाथा, आधी त्या व्हीसीआरची पिन काढ. लाइट एकदम आली तर मशीन जळायची. आणि आतली कॅसेट बाहेर काढून ठेव. का म्हणून विचारू नकोस... बरं, विचारलंसच, तर बसा जवळ. मैना, तू ती भेळ संपव आधी. खाता खाता ऐकायची गोष्ट नाही ही.

आपला जयराम माहीत आहे ना? पंचवटीत बियाणं विकतो, तो. चार वर्षांपूर्वी, म्हणजे पंच्याऐंशी साली, त्याचं व्हिडिओचं दुकान होतं. कॅसेटी द्यायचा, मशीन भाड्याने द्यायचा, लग्नाची शूटिंग करायचा. मी कचेरी सुटली की रोज तासभर त्याच्याकडे टेकायचो. माणूस कमालीचा टापटिपीचा. दुकानात सतरंजी रोज झटकलेली, मशीनवर इस्त्रीचा रुमाल. कुणी पान खाऊन आलं तर त्याला पायरीवर उभं करायचा. थुंकीची तर त्याला एवढी शिसारी, की पोस्टाचं तिकीट लावायचं तरी बोट पाण्यात बुडवायचा.

त्या साली दिवाळी झाल्यावर आठवड्याने एक बाई दुकानात आल्या. पांढरं पातळ, काळी छत्री, साठीच्या पुढे. यशोदाबाई. सरकारी दवाखान्यात क्षयाच्या वॉर्डात तीस वर्षं नर्स होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा सुगत शहात्तर साली विलायतेला शिकायला गेला. शिक्षण राहिलं बाजूला. तिथल्या चार पोरांची गाण्याची मंडळी होती, त्यांची गाडी चालवायला लागला. गावोगाव त्यांचे कार्यक्रम, हा त्यांचं सामान वाहायचा आणि कॅमेऱ्याने कार्यक्रम टिपायचा. त्र्याऐंशीच्या थंडीत तिकडेच छातीच्या दुखण्याने गेला. यशोदाबाईंना जाता आलं नाही. सहा महिन्यांनी बोटीने एक ट्रंक आली. त्यात कपडे होते आणि ही एक कॅसेट.

"आमच्याकडे टीव्ही आहे," बाई म्हणाल्या, "मशीन नाही. एकदा बघायचीय मला."

एवढंच काम. जयराम स्कूटरवर मशीन ठेवून संध्याकाळी त्यांच्या कॉलनीत गेला. दोन खोल्यांचं घर, लख्ख सारवल्यासारखं स्वच्छ. भिंतीशी बुद्धाची मूर्ती, शेजारी सुगतचा फोटो. बाईंनी चहा पुढे ठेवला. जयराम म्हणाला, "पोट बरं नाही माझं." त्याचं पोट चांगलं ठणठणीत होतं. दुपारीच माझ्यासोबत त्याने मिसळ खाल्ली होती. बाईंना का चहा नको म्हणाला, ते तुम्हाला कळलं असेल. बाईंनाही कळलं. त्यांनी कप उचलला आणि आत नेला.

मग कॅसेट लावली.

आता ते गाणं कसलं, ते सांगतो. पंक रॉक म्हणतात. संगीत आहे म्हणे. मला विचाराल तर पत्र्याच्या डब्यात दगड घालून हलवावा आणि त्यावर कुणीतरी शिव्या द्याव्यात, तसं. एका गावातला कार्यक्रम संपला की लगेच दुसऱ्या गावातला, मग तिसऱ्या. सगळे एकामागोमाग जोडलेले. खालच्या छपराची घामट खोली, अंगाला अंग घासणारी पोरं, केस उभे चिकटवलेले, गालात टाचण्या खुपसलेल्या. आणि त्यांची एक रीत होती. गाणारा आवडला की टाळी नाही वाजवायची. त्याच्यावर थुंकायचं.

तोंड वाकडं करू नकोस मैना. खरं सांगतोय.

पिंक नव्हे. गळा खाकरून, छातीतून ओढून काढलेलं. शे-दीडशे पोरं एकदम. त्या गाणाऱ्या पोराच्या केसांतून, भुवयांवरून ते लोंबत होतं. माईकच्या जाळीतून ठिबकत होतं. आणि तो तोच माईक ओठांना लावून गात होता. एकदा तर त्याचं तोंड उघडं असताना... जाऊ दे. जयरामने मला सगळं सांगितलं होतं, मी तुम्हाला नाही सांगत.

जयरामला ते बघवेना. नाकाला रुमाल लावून तो दाराकडे तोंड करून बसला. यशोदाबाई मात्र ताठ बसून टीव्हीकडे बघत होत्या. पडद्यावर मुलाला शोधत होत्या.

"यात तुमचा मुलगा दिसायचा नाही बाई," जयराम म्हणाला. "कॅमेरा त्याच्याच हातात असणार."

"शेवटपर्यंत बघू."

तेवढ्यात एक गाणं संपलं. क्षणभर सगळं शांत झालं. आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ कुणीतरी खोकलं. कोरडा, दोनदा तुटलेला, मग एक लांब खोकला.

बाई उभ्याच राहिल्या. "हा... हा माझ्या सुगतचा खोकला. लहानपणापासून असाच खोकतो तो. परत लाव. तेवढंच परत लाव."

जयरामने परत लावलं नाही. त्याला तिथून सुटायचं होतं. त्याने मशीन बंद केली आणि सांगितलं, "टेप खराब आहे. मशीनचं हेड जाईल माझं. दुकानात नेतो, साफ करतो, मग आणून दाखवतो."

बाईंनी कॅसेट त्याच्या हातात दिली, पण हात पटकन सोडला नाही. म्हणाल्या, "जपून हं. त्याचा आवाज एवढ्यातच आहे."

कॅसेटचं रिकामं खोकं तेवढं बाईंपाशी राहिलं.

पुढे काय झालं असेल? दहा-बारा दिवस ती कॅसेट दुकानात कपाटावर पडून राहिली. जयराम तिला कागदाच्या घडीने धरायचा. मग लग्नसराई सुरू झाली. सायखेड्याच्या कोंडाजी नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीचं, शकुंतलेचं, लग्न जयरामने शूट केलं. त्यांना द्यायची प्रत काढायची, तर कोरी टेप अख्ख्या नाशकात मिळेना. जयरामची नजर कपाटावर गेली. विलायती टेप. चित्र झकास येणार.

मी तिथेच बसलो होतो. मी म्हणालो, "अरे, त्या बाईंची आहे ना ती?"

तर म्हणाला, "घाण आहे भिकन ती. पुसली तर पुण्यच लागेल."

आणि मी... मी काही बोललो नाही. मला त्याचं वर्णन ऐकूनच किळस आली होती. मीही म्हटलं, जाऊ दे, घाण तर घाण. हे मी कुणाला सांगत नाही. आज सांगतोय.

त्याने सुगतच्या कॅसेटवर शकुंतलेचं लग्न चढवलं. बाई दोनदा दुकानात येऊन गेल्या. दुसऱ्यांदा त्याने सांगून टाकलं, "टेपला बुरशी आली होती. गेली ती."

बाईंनी विचारलं, "आवाजसुद्धा नाही राहिला?"

"नाही."

बाई छत्री उचलून निघून गेल्या.

आता ती रात्र ऐका. शनिवार, चौदा डिसेंबर एकोणीसशे पंच्याऐंशी. अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते. थंडी मरणाची. लेक माहेरी आली होती म्हणून कोंडाजीने जयरामला मशीन घेऊन बोलावलं. जयराम तिन्हीसांजेला स्कूटरने निघाला, चांदोरीवरून आत वळून सायखेड्याला पोचला. नदीकाठी कोंडाजीचं घर. जावयासाठी घेतलेला नवा रंगीत टीव्ही ओसरीवर मांडलेला. चाळीस-पन्नास माणसं गोधड्या पांघरून बसलेली. साडेआठला कॅसेट सुरू झाली.

सुरुवात छान. मांडव, हळद, वाजंत्री. आपापली तोंडं दिसली की लोक हसत होते. कोंडाजीची म्हातारी बहीण, नवसाबाई, सगळ्यांत पुढे बसलेली. पडद्यावर ती दिसली की पोरी ओरडायच्या, "आत्याबाई, लय भारी दिसताय!"

मंगलाष्टका सुरू झाल्या. अंतरपाट धरलेला. सगळे उभे.

आणि कुणीतरी खोकलं.

कोरडा. दोनदा तुटलेला. मग एक लांब.

कोंडाजीने मान वळवली. "कोन खोकतंय रं तिकडं? ऐकू द्या की."

कुणीच खोकत नव्हतं. खोकला टीव्हीतून येत होता. कॅमेऱ्याच्या अगदी जवळून. आणि त्या लग्नात कॅमेरा जयरामच्या खांद्यावर होता. जयराम खोकला नव्हता.

जयरामला वाटलं, उठून बंद करावं, पण उठवेना.

पडद्यावर 'शुभ मंगल' झालं. चारी बाजूंनी अक्षता आल्या. नवरा-नवरीच्या डोक्यावर, खांद्यावर, गालावर. तांदूळ अंगाला लागून खाली पडतो ना? पडला नाही.

चिकटला.

आणि ओघळला.

ओसरीतलं हसणं थांबलं. दुसऱ्या वेळेला अक्षता आल्या. त्या अक्षता नव्हत्याच. दाट, पिवळट, तार धरणारं काहीतरी. शकुंतलेच्या मुंडावळ्यांवरून लोंबलं. भुवईवरून डोळ्यांत आलं. पडद्यावरची नवरी डोळे मिटून तशीच उभी.

वऱ्हाडाचे हात खाली होते. कुणाच्याच हातात तांदूळ नव्हते. पण तोंडं... सगळ्यांचे गाल फुगलेले. मान मागे घेतलेली. मामा, काका, शेजारी. सगळी घरची माणसं. पहिल्या रांगेत नवसाबाई. तिने गळा खाकरला. ओठ आवळले...

ओसरीत बसलेली खरी नवसाबाई किंचाळली. "म्या नाय! म्या असं नाय केलं गं!"

आणि मागे लेकीबाळींत बसलेली शकुंतला बापाला हळूच म्हणाली, "दादा... बंद करा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती पदराने गाल पुसत होती. पुसत होती. पुसतच होती.

वास सुटला. शिळी दारू, ओली लोकर, आणि दवाखान्यात पलंगाखाली झाकणाची भांडी असतात ना... तो. दोन बायका अंगणात जाऊन ओकल्या. कोंडाजीने दोन्ही पिना उपटल्या. टीव्ही बंद झाला. लग्न बंद झालं.

खोकला नाही झाला बंद.

मशीनमधून येत होता. पिन नसलेल्या मशीनमधून.

जयरामने दोन बोटं आत घातली. कॅसेट ओढली. कोमट लागली. ओली. बाहेर आली, तशी मशीनच्या तोंडापासून कॅसेटपर्यंत एक तार ताणली गेली. जाडसर. लोंबती. तुटता तुटेना.

तो माणूस, जो तिकिटाला जीभ लावत नव्हता... त्याच्या मनगटावरून ते खाली कोपरापर्यंत आलं.

कोंडाजीने रस्त्याकडे बोट केलं. म्हणाला, "उचल तुजं मशीन. आत्ताच्या आत्ता. माज्या लेकीच्या लग्नावर थुकायला लावलंस तू आमाला!"

जयराम निघाला, तेव्हा सव्वादहा वाजले होते. मशीन पायांत, कॅसेट कोटाच्या खिशात. ती नदीत टाकायची, एवढंच त्याने ठरवलं होतं. गोदावरीचा पूल जवळच. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोन्ही बाजूंना ऊस.

पहिल्या वळणावर स्कूटर मागून दबली. माणूस बसल्यावर दबते तशी.

त्याने मागे पाहिलं नाही.

मग मानेवर श्वास. ओला. गार नाही, कोमट.

मग खोकला. कानाशी.

पुलावर त्याने स्कूटर थांबवली. इंजिन बंद केलं. खिशातून कॅसेट काढली, कठड्याबाहेर हात धरला. खाली पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज.

खोकला थांबला.

सगळं शांत... बोटं सोडायची, बस.

आणि त्याच्या पाठीमागे, दोन हातांवर, कुणीतरी खोकला दाबत होतं. तोंडावर हात घट्ट धरून. वॉर्डात रात्री एखादा रोगी दाबतो ना, शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून... तसा. गुदमरत. कुणाला आपली किळस येऊ नये म्हणून.

जयराम मला म्हणाला, "भिकन, तो खोकत होता तोवर मला भीती वाटत होती. तो खोकला गिळायला लागला, तेव्हा मला माझीच घाण वाटली."

त्याने हात आत घेतला. ओली कॅसेट कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, सदऱ्याला लागून. आणि स्कूटर सुरू केली. नाशिकपर्यंत पाठीमागे कुणीतरी खोकत होतं. सावकाश. न दाबता.

यशोदाबाईंच्या दारात पोचला, तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. घरात दिवा होता. बाईंनी दार उघडलं. जयरामकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यामागे पाहिलं. बराच वेळ. आणि दारातून बाजूला झाल्या. एका माणसाला लागते त्याहून जास्त वाट दिली त्यांनी.

जयराम म्हणाला, "बाई, बुरशी नव्हती. मी पुसली ती."

"माहीत आहे."

"त्याच्यावर दुसऱ्यांचं लग्न चढवलं. मला घाण वाटली."

बाई म्हणाल्या, "तीस वर्षं मी थुंकीची भांडी धुतली, बाबा. माणसाचीच असते ती. दे इकडे."

त्यांनी कॅसेट हातात घेतली आणि पदराने पुसली. पांढऱ्या पातळाच्या पदराने, तान्ह्या पोराचं नाक पुसावं तशी. नाक मुरडलं नाही. जयरामने मशीन जोडली. कॅसेट आत सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून खाली बसला. बघायची त्याची छाती झाली नाही.

म्हणून पडद्यावर काय होतं ते त्याला ठाऊक नाही. आवाज तेवढे ऐकले. आधी तो पत्र्याचा गोंगाट. मग गर्दीचा. मग गोंगाट दूर गेला आणि खोकला जवळ आला. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाई टीव्हीजवळ गेल्या असाव्यात. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "थांब. आधी पाणी पी."

खोकला थांबला.

त्यानंतर पहाटेपर्यंत आवाज नाही. उजाडल्यावर बाईंनी जयरामला उठवलं. टीव्ही बंद होता. त्यांचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा निवळलेला. त्यांनी चहा पुढे ठेवला. जयराम तो प्यायला. मग त्यांच्याच मोरीवर बसून कप विसळला.

शकुंतलेच्या लग्नाची मूळ टेप त्याच्याकडे होती. त्याने नवी प्रत करून कोंडाजीकडे पाठवली. कोंडाजीने न बघता परत पाठवली. शकुंतला मात्र सुखात आहे, दोन मुलं आहेत तिला. जयरामने पुढल्याच महिन्यात दुकान विकलं. आणि यशोदाबाईंच्या घरी दर रविवारी जायला लागला, त्यांच्या शेवटापर्यंत.

त्या गेल्या, या वर्षीच्या मे महिन्यात. घर आवरायला जयरामसोबत मीही गेलो होतो. कपाटात, साड्यांच्या खाली, ती कॅसेट होती. त्या रात्रीनंतर बाईंनी ती कुणाला लावू दिली नव्हती. तिचं खोकं मी पहिल्यांदाच हातात घेत होतो. पाठीमागे इंग्रजीत, बारीक तिरप्या अक्षरात, ज्या ज्या गावी कार्यक्रम झाले त्यांची नावं लिहिलेली. पुढे तारखा. सगळी विलायतेतली गावं. सुगतची पत्रं त्याच कपाटात होती, अक्षर ताडून पाहिलं. त्याचंच. अकरा गावं. शाई विटून तपकिरी झालेली.

बाराव्या ओळीवर सायखेडा. चौदा डिसेंबर, पंच्याऐंशी.

मी जयरामला शपथ घालून विचारलं. त्याने बाईंना गावाचं नाव कधीच सांगितलं नव्हतं. आणि अक्षर बाईंचं नव्हतं. तेच, बारीक, तिरपं.

मी त्या ओळीवरून बोट फिरवलं. ओलं लागलं.